बगळेबुवांचा सल्ला

खाडीत माणसाची पहिली होडी यायच्याही आधीची गोष्ट. सुरय नावाची पक्षीण मासा धरून घरट्याकडे निघाली, की समुद्रगरुड झडप घालून तो हिसकावून न्यायचा. पिल्लू उपाशी राहू लागलं, तेव्हा ती बगळेबुवांकडे गेली. लुटालुटीचा त्यांच्याइतका अभ्यास खाडीवर कुणाचाच नव्हता.

"चूक तुझीच, बाई," बुवा म्हणाले. "मासा मिळाला की तू ओरडतेस. मी साऱ्यांना विचारलंय, आजवर लुटली गेलेली प्रत्येक सुरय ओरडलेलीच होती. गप्प राहत जा."

दुसऱ्या दिवशी ती गप्प राहिली आणि मासा घरट्यापर्यंत पोचला. पण आईची हाक नाही म्हणून पिल्लू घाबरून वाळूत दबून बसलं, काही केल्या चोच उघडेना. न राहवून तिने हाक मारली, आणि गरुड आला.

ती तडक बुवांकडे परतली. "आम्हाला इतकं विचारलंत, त्या गरुडाला काय विचारलंत?"

बुवांनी उचललेला पाय हळूच खाली टेकवला. "त्याच्याजवळ जायची भीती वाटते गं."

"मग तेही अभ्यासात धरा," ती म्हणाली.

पुढच्या सकाळी मासा धरताच ती पूर्वीसारखीच ओरडली. गरुड झेपावला, तेव्हा आदल्या संध्याकाळी तिने सांगून ठेवल्याप्रमाणे किनाऱ्यावरच्या साऱ्या सुरया ओरडत त्याच्यावर तुटून पडल्या.