न पटणाऱ्याचं घर

फार जुनी गोष्ट, नद्यांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. एका साळूचं बीळ ढासळलं आणि नवं घर कुठे करावं, असा तिला प्रश्न पडला. नदीच्या एका काठी मोकळवाडी होती, दुसऱ्या काठी रीतवाडी.

मोकळवाडीची खार म्हणाली, "या की! काय खाता, कुणाबरोबर राहता, इथे कुणी विचारत नाही."

साळूचे काटे ताठ झाले. इतकं गोड बोलणं तिच्या कधी पचनी पडलं नव्हतं. "आणि तुमचं ज्याला पटत नाही, त्याचं घर कुठलं?"

खारीची शेपटी हलायची थांबली. "होता एक ससा. सारखा म्हणायचा, चार नियम करा. गेला पलीकडे."

साळू पलीकडे गेली. रीतवाडीची म्हातारी घोरपड म्हणाली, "इथे थोरांचा शब्द मोडायचा नाही. पण आजारी पडलीस, तर अख्खी वाडी तुझ्या उशाशी बसेल."

साळूने तिलाही तेच विचारलं.

"होती एक मैना," घोरपड पुटपुटली. "ऊठसूट 'का' विचारायची. गेली पलीकडे."

दोन्हीकडचे सारखेच लबाड, असं म्हणत साळूने नदीतल्या ओसाड बेटावर बीळ खणलं. आठवड्याभरात एक कासव पोहत आलं. "ताई, राहू का इथे?"

"राहा की! इथून कुणाला हाकलत नाहीत," साळू म्हणाली. मग तिचे काटे हळूहळू उभे राहिले. "फक्त एवढं सांग, माझं सगळं तुला पटेल ना?"

कासवाने मान आत ओढून घेतली.