न दिसणाऱ्याचा विडा

एका राज्यात अर्कसेन नावाचा राजा राज्य करीत होता, आणि ते राज्य त्याला दुसऱ्यांनी मिळवून दिले होते. नदीपलीकडच्या त्रिजट मांत्रिकाने त्याच्या बापाची गादी बळकावली, तेव्हा डोंगरमाथ्यावरच्या लोकांनी या पोरक्या राजपुत्राला कड्याकपारीत लपवले, स्वतः कंदमुळे खाल्ली आणि त्याला भाकर दिली. मग एका पहाटे गडाचा पूर्व दरवाजा फोडून त्यांनी त्याला सिंहासनावर बसवले. या लोकांचा पुढारी होता हंबीर. राजाने त्याच्या कमरेला पूर्व दरवाजाची किल्ली बांधली. ज्याच्या हाती ती किल्ली, त्याचा गड. दुसरी वाट गडाला नव्हती.

त्या राज्यात विड्याची रीत होती. अवघड काम निघाले की तबकात पैजेचा विडा ठेवीत. जो उचलील त्याने ते काम करावे. आणि दरबार उठताना राजा आपल्या हाताने एकाला मानाचा विडा देई. डोंगरमाथ्याचे लोक पैजेच्या विड्याला सर्वांच्या पुढे, पण मानाच्या विड्याकडे कधी डोळा वर करून पाहत नसत. मागून घेतलेला मान म्हणजे भीक, असे ते मानीत. राजाला हे ठाऊक होते आणि ते त्याच्या फार सोयीचे होते.

कारण गादीवर बसल्यावर राजाला शहाणपण सुचले. तो म्हणाला, “आपले ते आपलेच आहेत, जातात कुठे? खरा राजा तो, जो परक्याला आपलासा करतो.” बोलणे काही वाईट नव्हते. वाईट हे, की ‘आपले ते आपलेच’ म्हणून राजा आपल्यांपासून जो निघाला तो परत फिरलाच नाही. कालपर्यंत ज्यांनी त्याच्या मस्तकावर इनाम लावले होते त्यांना तो पालख्या पाठवू लागला. ते आले की राजा पायऱ्या उतरून सामोरा जाई. मानाचा विडा त्यांना मिळे, आणि हंबीर खांबाशी उभा राहून पाही. त्याला वाटे, असू दे, राज्य म्हटले की हे आलेच.

शेवटी खुद्द त्रिजट आला. राजाने त्याला आपल्या बरोबरीचे आसन दिले. त्रिजटाने रुप्याची एक डबी पुढे केली.

“राजेंद्रा, हे अंजन. रोज डोळ्यांत घालावे. विरोधक कितीही दूर असो, तो दिसेल, आणि त्याला कसे जिंकावे तेही दिसेल.”

“आणि मोल?”

“मित्राकडून मोल घेत नाहीत.”

राजाने अंजन घातले. त्याला नदीपलीकडचा एकेक रुसलेला सरदार, एकेकाच्या मनातली हाव लख्ख दिसू लागली. पण त्या अंजनाला शाप होता. विरोधक जितका स्पष्ट दिसे, तितका आपला माणूस पुसट होई. आधी राजाला वाढवणारी म्हातारी दाई रेवाक्का त्याला दिसेनाशी झाली. ती ताट वाढी. राजाला वाटे, ताट आपसूक आले. मग पागेचे लोक गेले, मग पहारेकरी. त्यांचे बोलणेही त्याच्या कानी पडेना. घोडे आपोआप खरारा होऊन उभे राहत, पूर्व दरवाजा वेळेवर उघडे आणि वेळेवर मिटे, आणि राजा म्हणे, “माझी पुण्याई किती थोर! राज्य कसे आपोआप चालले आहे.”

एके दिवशी हंबीर समोर उभा असताना राजाने विचारले, “हंबीर कुठे आहे? अलीकडे येत नाही तो. चढून गेला वाटते.”

“इथेच आहे, महाराज,” हंबीर म्हणाला. राजाची नजर त्याच्या अंगातून आरपार भिंतीवर गेली. हंबीर मागे सरला आणि आपल्या खांबाशी जाऊन उभा राहिला.

लोकांना मात्र यातली मेख लवकर समजली. कोठीवरचा उदाजी नदीपार गेला, तिथे चार दिवस राजाच्या नावाने बोटे मोडली आणि पालखीत बसून परत आला. राजा त्याला पायऱ्यांवर सामोरा गेला.

“तूही जा,” उदाजी हंबीराला म्हणाला. “चार शिव्या हासडायच्या, एवढेच काम. पिकते तिथे विकत नाही, गड्या.”

“मला नाही जमायचे.”

“मग राहा उभा खांबासारखा.”

डोंगरमाथ्याची माणसे एकेक करून नदी उतरली. उरले ते थोडे, आणि त्यांची तोंडे उतरलेली.

पूर्व दरवाजाच्या कमानीत एक भारद्वाज पक्षी राहत असे. त्याचे डोळे गुंजेसारखे लाल, आणि माणसांची भाषा तो माणसांपेक्षा नीट बोले. तो हंबीराला म्हणाला, “हे अंजन पाण्याने धुतले जात नाही. जो दिसत नाही त्याला राजाने आपण होऊन मान दिला, तरच ते उतरेल.”

“मी जाऊन सांगतो.”

“तुझे ऐकू कुठे येते त्याला? आणि मागून मिळाला तर शाप तसाच राहील.”

“मागणार तर मी नव्हतोच,” हंबीर म्हणाला.

पुढे असे झाले, की उत्तरेच्या खिंडीत दगडाचा वाघ जागा झाला. कुणी पाहत असले की तो दगड, नजर हटली की वाघ. मिठाचे तांडे थांबले, लोक अळणी जेवू लागले. राजाने तबकात पैजेचा विडा ठेवला. नवे मित्र रांगेने बसले होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात विडा तबकातून उठला, हवेत चालत गेला आणि दाराबाहेर पडला. हंबीराने तो उचलला होता, पण राजाला विडाच दिसला.

हंबीर खिंडीत पापणी न लववता वाघासमोर गेला आणि त्याच्या जबड्यात हात घालून जिभेखालचा निखारा उपसून काढला. वाघ कायमचा दगड झाला. हंबीराचा उजवा तळवा जळून कोळसा झाला. इकडे दरबारात त्रिजट म्हणाला, “माझ्याच मंत्राने विडा चालला, राजेंद्रा.” मानाचा विडा त्रिजटाला मिळाला.

मग एका यक्षिणीने गडाखालचा तलाव पिऊन टाकला. दुसरा विडा ठेवला गेला, माना खाली गेल्या, विडा हवेत उठला. यक्षिणी हंबीराला म्हणाली, “पाणी देते. बदल्यात तुझे उरलेले तारुण्य दे.”

“घे,” हंबीर म्हणाला. तलाव भरला. हंबीर परतला तो पांढरे केस आणि वाकलेली कंबर घेऊन. मानाचा विडा पुन्हा त्रिजटालाच मिळाला. या वेळी मात्र हंबीराला राग आला. तो दरबारातून निघून कमानीखाली जाऊन बसला.

तिसऱ्या वेळी राजा स्वतःच उठून म्हणाला, “आमच्या मैत्रीची खूण म्हणून पूर्व दरवाजाची किल्ली आम्ही त्रिजटाला देत आहोत. ती हंबीराकडे आहे, आणि हंबीर कुठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही. जो आणून त्रिजटाच्या हाती देईल त्याने विडा उचलावा.”

नदीपलीकडे त्रिजटाचे सैन्य घोड्यांवर जीन कसून उभे होते. गडाखालच्या वस्तीत हंबीराच्या लोकांची बायकामुले होती. किल्ली हंबीराच्या कमरेला होती.

सगळे तबकाकडे पाहत राहिले. विडा आपोआप उठतो, याची राजाला आता सवयच झाली होती. विडा उठला नाही. राजाने वाट पाहिली. पानाच्या कडा वाळू लागल्या, तरी विडा जागचा हलला नाही. हंबीर तबकासमोर हात बांधून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो राजाच्या इच्छेच्या आड आला होता.

आणि राजाला तो दिसला.

“हंबीर?” राजा म्हणाला. “केव्हा आलास? आणि तुझे केस कधी पिकले?”

“किल्ली मिळणार नाही, महाराज.”

राजाने त्याच्याकडे नीट पाहिले. समोर विरोधक उभा होता, आणि विरोधकाला जिंकण्याची विद्या राजाला अवगत होती. तो हसत पायऱ्या उतरला आणि त्याने हंबीराच्या खांद्यावर हात ठेवला. “रुसलास? अरे, काय हवे ते सांग. पालखी? गाव? तुझ्यासारखा माणूस आम्हांला आमच्या बाजूला हवा.”

याच हसण्याची हंबीराने वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. ते आले, पण वैऱ्याच्या वाट्याचे आले. तरी तो हात खांद्यावर पडला मात्र, त्याचा राग टिकेना. कड्याकपारीत लपण्याच्या दिवसांत हेच पोर त्याच्या खांद्याला डोके टेकून झोपत असे.

“मी तुमच्याच बाजूला आहे,” हंबीर म्हणाला. “दुसरी बाजू मला कधी नव्हतीच.”

एवढे बोलला आणि पायांकडून विरघळू लागला. गुडघे गेले, कंबर गेली. राजा पाहतच राहिला. विरघळणे खांद्याशी पोचेपर्यंत राजाला हंबीराचा जळका तळवा दिसला, आणि मग हवेत चालणारे दोन विडे आठवले. आपसूक येणारे ताट आठवले. हाताखालचा खांदाही नाहीसा झाला. राजाचा हात रिकाम्या हवेत राहिला.

राजा वळला. त्रिजटासाठी करून ठेवलेला मानाचा विडा त्याने उचलला आणि जिथे कुणी दिसत नव्हते तिथे दोन्ही हातांनी पुढे धरला.

“राजेंद्रा, तिथे कोणी नाही,” त्रिजट म्हणाला.

“आहे,” राजा म्हणाला.

हंबीराने तो विडा लगेच घेतला नाही. नवे मित्र एकमेकांकडे पाहून हसू लागले, तरी राजाने हात मागे घेतले नाहीत. मग विडा अलगद उचलला गेला.

राजाच्या डोळ्यांतून अंजन काळ्या ओघळांनी वाहून गेले. त्याला हंबीर दिसला. रेवाक्का हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली दिसली. पागेचे लोक, पहारेकरी, सगळे आपापल्या जागी दिसले, आणि ते थोडे होते. मग शाप देणाऱ्यावरच उलटला, आणि रुप्याच्या डबीने आपले झाकण उघडून त्रिजटाची सावली ओढून घेतली. सावली गेली तसे त्याचे मंत्रही गेले, आणि तो नावाड्याची विनवणी करून नदीपार झाला. नेत्याचे मंत्र गेल्याचे कळताच नदीपलीकडचे सैन्यही आपापल्या घरी पांगले.

“आता माग,” राजा हंबीराला म्हणाला. “मागितलेस तर भीक म्हणणार नाही कुणी.”

हंबीराने कमरेची किल्ली सोडली आणि वाळलेल्या विड्याशेजारी तबकात ठेवली. “थकलो, महाराज. आज दरवाजावर दुसरा कुणी उभा करा.”

राजाने दरबारावरून नजर फिरवली. नव्या मित्रांनी माना खाली घातल्या. आपल्या माणसांकडे पाहायची राजाला लाज वाटली. मग त्याने स्वतःच तो वाळका विडा उचलला, किल्ली घेतली आणि भाला घेऊन पूर्व दरवाजावर जाऊन उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत बातमी नदीपार पोचली. डोंगरमाथ्याची माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन एकेक करून गड चढू लागली. राजा प्रत्येकाचे तोंड पाही, नाव घेई आणि वाट देण्यासाठी बाजूला सरे. काहींनी मुजरा केला, काहींनी केला नाही. ज्यांनी केला नाही, त्यांनाही राजाने तितकेच वाकून आत घेतले.