फुंकर घराण्याची शेवंता

एका राज्यात जादूगारांची तीन घराणी नांदत होती. अग्निघराणे ज्वाला उठवी, हिमघराणे पाणी गोठवी आणि फुंकर घराणे नुसती फुंकर घाली. त्या फुंकरीने दुसऱ्याचे बळ वाढे. स्वतःचे तिळभरही वाढत नसे.

राजा सुमेरू न्यायी होता. कोणतेही घराणे डोईजड होऊ नये म्हणून त्याने नियम केला, की वर्षातून एकदा आखाड्यात झुंज व्हावी आणि जो जिंकेल त्याच्या घराण्याचा एक मंत्र तांब्याच्या पेटीत बंद व्हावा. वर्षामागून वर्षे गेली. जिंकता जिंकता अग्निघराण्याकडे ठिणगीचा एकच मंत्र उरला, हिमघराण्याकडे दवबिंदूचा. मग दोघेही सावध झाले. अग्निघराण्याचा अंगारक आणि हिमघराण्याची तुहिना आखाड्यात उतरत, एकमेकांकडे बघत आणि कोणी हात उगारण्याआधीच दोघेही धाडकन पडत. सात वर्षे हेच चालले. न्यायी राजाला ते कळले नाही.

फुंकर घराण्यात एकटी शेवंता उरली होती. एकट्याने लढायला फुंकर कामाची नाही, म्हणून तिला कोणी आखाड्यात उतरवत नसे. अंगारक म्हणे, "शेवंते, तुझी विद्या दूध निववायला बरी." दरबारी म्हणत, हे घराणे यादीतून काढून टाकावे. पण राजा दर वर्षी ते तिसरे नाव स्वतःच्या तोंडाने वाची आणि तिच्याकडे पाहून मान लववी. शेवंता हे उपकार मनात जपून होती.

सातव्या वर्षी दोघे पडले, त्याच क्षणी पेटी हवेत उठली आणि डोंगरापलीकडे निघून गेली. राजा उठू लागला, तर त्याची पावले दगडाची झाली होती. तेवढ्यात एक टिटवी सिंहासनावर येऊन बसली आणि माणसाच्या वाणीने बोलली. तिने सांगितले, की पेटीला शाप लागला आहे आणि ती नागाच्या गुहेत जाऊन पडली आहे. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ती उघडली नाही, तर राजा मस्तकापर्यंत दगड होईल.

सर्वांआधी शेवंता उठली. अंगारक आणि तुहिना खाली मान घालून तिच्यामागून निघाले. टिटवी वाट दाखवत पुढे उडू लागली.

पहिल्या दिवशी लोखंडी काट्यांचे रान लागले. ते आगीखेरीज हटणारे नव्हते. अंगारकाने तीनदा ठिणगी पाडली. तिन्ही वेळा ती विझली. शेवंतेने हळूच विचारले, फुंकर घालू का? त्याने मान डोलावली. तिने फुंकर घातली, तशी ठिणगीची ज्वाला झाली आणि रान मेणासारखे वितळले. पुढच्या वाटेवर तिचे गाठोडे अंगारकानेच उचलले.

दुसऱ्या दिवशी उकळते सरोवर आडवे आले. तुहिनेच्या तळहातावर एक दवबिंदू होता. शेवंतेने फुंकर घातली, तसा त्या थेंबाचा बर्फाचा पूल झाला. पलीकडे गेल्यावर तुहिना म्हणाली, "इतकी वर्षे तुला पाहत आले, मुली, आणि तुला काय येते हे एकदाही विचारले नाही."

तिसऱ्या दिवशी सूर्य कलला, तेव्हा ते गुहेत पोहोचले. पेटीभोवती नाग वेटोळे घालून बसला होता.

नाग म्हणाला, "तुमच्यात जो सर्वांत बलवान असेल, त्याने आपला शेवटचा मंत्र मला द्यावा. मग पेटी उघडेल."

शेवटचा मंत्र गेला, की जादूगाराचा साधा माणूस होतो. तिघेही हे जाणत होते. शेवंतेने पाऊल उचलले, पण अंगारकाने तिला मागे सारले.

"मी सर्वांत बलवान," तो म्हणाला. "माझा मंत्र घ्या."

"तू तर सात वर्षे हरलास."

"हरलो नाही, नागराज. मंत्र पेटीत जाऊ नये म्हणून हरल्याचे सोंग केले."

तुहिना पुढे झाली. "सोंग मीही केले. त्याच्याआधी पडायची माझी धडपड असे. मंत्र माझा घ्या."

शेवंता म्हणाली, "मी आखाड्यात कधी उतरले नाही. माझे बळ किती, मला ठाऊक नाही. पण राजासाठी माझाही घ्या."

नागाने एकेक वेटोळे सोडले. "खोट्या हारीने हा शाप लागला होता," तो म्हणाला. "आता मला कोणाचाच मंत्र नको."

पेटीचे झाकण उघडले. सारे मंत्र पाखरांसारखे उडाले आणि आपापल्या घराण्यात परतले. तिकडे राजधानीत राजा गळ्यापर्यंत दगड झाला होता. सूर्य मावळता मावळता तो हसला आणि सिंहासनावरून उतरला.

राजाने जुना नियम मोडला. आता तीन घराण्यांचे तीन जादूगार आखाड्यात एकत्र उतरतात, मोठ्या संकटाशी झुंजतात आणि शेवटी प्रत्येकाने सोबत्यांचे आभार मानायचे असतात.

पहिल्या वर्षी अंगारक गरजून बोलला. तुहिना मोजके बोलली. शेवंतेची पाळी आली, तेव्हा तिचा आवाज फक्त पहिल्या रांगेपर्यंत पोहोचला. पहिल्या रांगेने तिचे बोलणे दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, आणि असे करत करत सगळ्या मैदानाला कळले, की शेवंता म्हणाली, "तुम्ही होतात, म्हणून माझ्या फुंकरीला कोणीतरी मिळाले."