घटिकेची वाटी आणि तीन कैवारी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. राजा कोण होता ते विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि या गोष्टीत त्याचं काही कामही नाही.

एका गावात तळ्यातून येणारा पाण्याचा एकच पाट होता आणि शेतं होती तीस. भांडणं होऊ नयेत म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. पाटाच्या तोंडाशी पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवायचं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्यात सोडायची. वाटी हळूहळू भरून बुडाली की घंटेवर टोला द्यायचा. एका शेताची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू झाली. दिवस उगवताना पहिली पाळी, मावळताना तिसावी, मग पाट बंद. हे काम एका घराकडे होतं. तिथल्या बापाचा पाय मोडला, तेव्हा त्याची पंधरा वर्षांची मुलगी वाटीपाशी बसू लागली.

पोर कामाला चोख, पण राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

एके दिवशी तिला काय अवदसा आठवली कोण जाणे! वाटी काळी पडली होती, ती तिने वाळूने घासघासून लख्ख केली आणि भोकातला मळ दाभणाने टोकरून काढला. भोक रुंदावलं आणि वाटी भराभर बुडू लागली. त्या दिवशी ऊन कलायच्या आतच तिसावी पाळी संपली आणि पाट बंद झाला, तेव्हा चूक तिच्या लक्षात आली. सांगायला नको? नाही सांगितली! बाप रागावेल, गाव हसेल, म्हणून आठ दिवस मूग गिळून बसली. आणि गाव तरी केवढं शहाणं! पाट लवकर बंद होतोय हे एकालाही दिसेना. जो तो आपला ‘यंदा पाणीच कमी’ म्हणून कुरकुरत होता.

ज्वारीने तग धरला, पण पाटलांचा पानमळा नाजूक, तो सुकला. पाटलांचं आणि मुलीच्या बापाचं जुनं वैर होतं. पाटील तडक राजधानीतल्या न्यायसभेत गेले आणि म्हणाले, “या मुलीने वैरापोटी माझं पाणी तोडलं.” त्या राज्यात मुद्दाम पाणी तोडणाऱ्याला एकच शिक्षा होती. घरादारासकट गाव सोडायचं.

मग धावून आले मुलीचे कैवारी. त्यांच्यापेक्षा वैरी परवडला!

मावशी म्हणाली, “पोरी, तू बोलूच नकोस, नुसती रड. त्या आठवड्यात तुला ताप होता असं मी सांगते.”

“पण मावशी, मला ताप नव्हता गं.”

“तुला काय कळतंय? गप बस.”

शेजारचे तात्या म्हणाले, “ताप कशाला? वारं सुटलं होतं. वाऱ्यानं वाटी कलंडत होती. माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो की!”

गावच्या जोशीबुवांनी पंचांग उघडलं. “हिच्या राशीला शनी आहे. दोष मुलीचा नाही, ग्रहाचा आहे.”

आता तिघांनी एकमेकांना विचारावं की नाही? अहो, खोटंच बोलायचं होतं तर निदान ठरवून तरी बोलायचं!

मुलीने बापाला मात्र सगळं खरं सांगून टाकलं. बाप म्हणाला, “केलंस ते केलंस. आता झालं तेवढंच सांग. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हण. पाटील डिवचतील, पण भडकू नकोस. तू तिथं पाटलांवर ओरडलीस, तर वैर होतं हे तूच सिद्ध करशील.”

न्यायसभेत पाटलांनी तेच केलं. “लबाड बापाची लबाड लेक!” ते मोठ्याने म्हणाले. मुलीच्या कानशिलांना आग लागली. तिने परकर मुठीत घट्ट धरला आणि पाटलांकडे न बघता न्यायाधीशांकडे बघत उभी राहिली.

मग कैवाऱ्यांनी आपापल्या साक्षी दिल्या. न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला.

“ताप, वारा आणि शनी! एकाच बाजूचे तिघे, आणि तिघांच्या तीन कथा. एवढं झाकायचं आहे म्हणजे पाप मोठंच असणार. लेखनिक, हद्दपारीचा हुकूम लिहायला घ्या.”

“महाराज, मला बोलायचं आहे,” मुलगी म्हणाली. मावशीने तिला चिमटा काढला. तरी ती बोलली.

“मावशीची माझ्यावर माया आहे, पण मला ताप नव्हता. वाऱ्याने वाटी कलंडलेली मी पाहिली नाही. शनीचं मला ठाऊक नाही. वाटी मी वाळूने घासली आणि भोक दाभणाने टोकरलं. ती लवकर बुडते हे मला त्याच दिवशी कळलं. भीती वाटली, म्हणून मी आठ दिवस गप्प बसले. पाटलांचा मळा माझ्यामुळे सुकला. पण मुद्दाम केलं नाही.”

“ऐकलंत? कबूल झाली!” पाटील ओरडले.

न्यायाधीशांनी हाताने त्यांना थांबवलं. “मुली, तुमचं शेत आहे का त्या पाटावर?”

“आहे, महाराज. त्यालाही पाणी कमीच मिळालं.”

न्यायाधीशांनी घंगाळ मागवलं. त्यात न्यायसभेची घटिका मोजायची वाटी आणि मुलीने सोबत आणलेली वाटी एकदम सोडली. सगळी सभा बघत राहिली. न्यायसभेची वाटी अजून तरंगत होती, तेवढ्यात मुलीची तळाला गेली.

“पाटील, वैर धरणारा माणूस आपल्याच शेताचं पाणी तोडतो होय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मुली, चुकीला शिक्षा नाही. आठ दिवस गप्प बसलीस त्याला आहे. तीसच्या तीस बांधांवर जा आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांग. पाटलांचे वेल पुन्हा धरेपर्यंत त्यांच्या मळ्यात राब. आठ दिवसांत वाचलेलं पाणी तळ्यात शिल्लक आहे, ते सर्वांना वाटून दे. घरदार जिथे आहे तिथेच राहील.”

मग त्यांनी अर्धा लिहून झालेला हुकूम उचलला आणि तिन्ही कैवाऱ्यांसमोर धरला. “हा हुकूम तुम्ही लिहवलात. ही पोर बोलली नसती, तर तुमच्या मायेने आज हिचा पांगळा बाप वेशीबाहेर बसला असता.”

तात्या आणि जोशीबुवा खाली मान घालून निघाले. मावशी वाटेत म्हणाली, “तरी मी सांगते, अंग थोडं कोमट होतंच.” आता काय बोलायचं!

मुलगी दुसऱ्या दिवशी बांधांवर निघाली. पहिल्या बांधावर तिची जीभ अडखळली, माणसं फाडफाड बोलली, तेही तिने मान खाली न घालता ऐकून घेतलं. तिसाव्या बांधावरच्या म्हातारीने तिचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “उद्यापासून वाटीपाशी तूच बस गं बाई. चुकलीस तर निदान कळेल तरी आम्हाला.”

तात्पर्य: न्यायासमोर आपली चूक आहे तेवढीच, शांतपणे, आपल्याच तोंडाने सांगावी, मायेच्या माणसांचं खोटं वैऱ्याच्या आरोपापेक्षा जास्त घात करतं.