शीतळामाईच्या भाजल्या अंगाची कहाणी

ऐका शीतळामाई, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. तान्ही मांडीवर घ्या, तांदूळ मुठीत धरा, आणि मधे उठायचं नाही.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीत लिंब होता, लिंबाखाली शीतळामाईचं ठाणं होतं. ठाण्याशेजारी एक घर. घरात सासू भागूबाई, तिचा लेक हैबती, हैबतीची बायको ठकू.

ठकूला पहिला लेक झाला, खंडू. चालू लागला, बोलू लागला, मग अंगावर गोवर उठला. भागूबाई म्हणाली, माई आली. लिंबाच्या पाल्यावर निजवला, दाराला पाला लावला. औषध काही दिलं नाही, माई रागावेल म्हणून. पोराला धाप लागली, डोळे फिरले, पोर गेलं. सगळे म्हणाले, माईनं नेलं. ठकूनं ओठ मिटले. माईचं नाव आल्यावर बोलायचं कसं?

मग लेक झाली, येसू. तोवर राजानं दवंडी पिटली होती, पोरांना लस टोचून घ्या. नर्सबाई बर्फाची पेटी खांद्याला लावून यायची, ठाण्याच्या पारावर बसायची. पहिल्या खेपेला येसूला शिंका आल्या. हैबती म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. दुसऱ्या खेपेला पाहुणे आले. हैबती म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. तिसरी खेप आली ती नेमकी शीतळासप्तमीला. भागूबाई म्हणाली, आज घरात विस्तव नाही, आज सुईला हात लावायचा नाही, आज आपण वाकळ शिवत नाही, नि लेकराला टोचून आणता काय? हैबती तोंड उघडणार, तोच ठकू म्हणाली, "पुढच्या खेपेला बघू, हेच ना?" हैबतीनं तोंड मिटलं.

पलीकडच्या नगरात गोवर आला होता. तो कुणाला विचारून वेस ओलांडणार होता?

मग भागूबाई दहीभाताचा नैवेद्य घेऊन ठाण्यावर गेली. ठकू येसूला घेऊन सारवलेल्या चुलीपाशी बसली. सप्तमीला माई निवल्या चुलीत लोळायला येते, म्हणून चूल गार ठेवायची. बसली असता दारात एक म्हातारी आली. लाल लुगडं, पांढरे केस, अंग तव्यासारखं तापलेलं. म्हणाली, लेकी, चूल निवली असेल तर जरा पडू दे. ठकू म्हणाली, पडा.

म्हातारी चुलीत एकदा लोळली, निवली नाही. दोनदा लोळली, निवली नाही. तीनदा लोळली, तशी राखच तापली. मग ठकूनं ओळखलं. पाया पडली नाही, पदर पसरला नाही. म्हणाली, "माई, माझा खंडू का नेलास?"

"मी नाही नेला."

"सगळे म्हणाले तसं."

"सगळे म्हणतात, म्हणून तर अंग भाजतंय. पोर तापलं की माझ्या नावावर टाकता, पाला लावता, दार लावता नि बसून राहता. नगरभरच्या पोरांचा ताप माझ्या अंगावर आणून घालता. मला गारवा लागतो गं. पोरं तापवून मी काय करू?"

ठकू म्हणाली, "मग माझा खंडू परत दे. कहाण्यांत देतात."

म्हातारी म्हणाली, "परत आणणं माझ्या हातात असतं, तर जाऊ दिला असता का? मांडीवर आहे तिचं बघ."

ठकू उठली. पदर खोचला, येसूला काखोटीला मारलं. तोच भागूबाई परत आली, दारात दोन्ही हात आडवे लावून उभी राहिली. म्हणाली, उंबरा ओलांडलास तर माईचा कोप होईल.

ठकू म्हणाली, "माझ्यावर होऊ दे. खंडूच्या वेळी तुमचं सगळं ऐकलं, आत्याबाई. पाला ऐकला, दार लावणं ऐकलं, गप्प बसणं ऐकलं. तेव्हा कुठला कोप व्हायचा राहिला?"

भागूबाईचे हात खाली आले.

ठकू पारावर गेली. नर्सबाईनं आधी खेपा चुकवल्या म्हणून दोन शब्द सुनावले, मग पेटी उघडली. ठकू बघते तर म्हातारी पेटीला गाल लावून बसलेली, डोळे मिटलेले, अंग निवत चाललेलं. नर्सबाईला दिसली नाही, ठकूला दिसली. येसूला सुई टोचली. येसूनं वेस दणाणून सोडली.

सांजेला येसूचं अंग तापलं. भागूबाई म्हणाली, आला ना कोप? ठकू म्हणाली, हा सुईचा ताप, नर्सबाईंनी आधीच सांगितलाय. दुसरा ताप तुम्ही पाहिलाय नि मीही पाहिलाय. भागूबाई पाण्याची वाटी आणि फडकं घेऊन नातीपाशी बसली. मग ठकूनं तिला चुलीपाशी काय घडलं ते सांगितलं. पोर उजाडता खेळू लागलं.

पुढं महिना गेला, दुसरा गेला, मग गोवर नगरात आला. या दाराला पाला लागला, त्या दाराला लागला, पलीकडच्या दाराला लागला. ठकूच्या दाराला लागला नाही. तशी भागूबाईनं काठी घेतली. दारोदार गेली, दारं वाजवली. म्हणाली, "पाला लावायचा तर लावा, पण पोर आधी दवाखान्यात न्या. माईला आणखी भाजू नका." कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. भागूबाई दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली.

वर्षानं सप्तमी आली. येसूची पुढची सुई होती. हैबती म्हणाला, पुढच्या... सासूनं आणि सुनेनं वळून पाहिलं. हैबतीनं मुकाट्यानं लेकीला खांद्यावर घेतलं. रांगेत सगळ्यांच्या पुढं भागूबाई. घरी येऊन बघतात तर चुलीच्या राखेत कुणी निजून गेल्याची खूण होती, आणि राख गार होती.

जशी ठकूची येसू नांदती राहिली, तशी तुमची-आमची राहोत. एक सुई झाली म्हणून दुसरी टाळायची नाही, घेतला वसा अर्ध्यात सोडायचा नाही. आपली भीती आणि आपला आळस माईच्या नावावर घालायचा नाही. ही साठा सबबींची कहाणी एका सुईच्या टोकाशी सुफळ संपूर्ण.