सुटली म्हणा

"पण मी का सोडू शपथ? मोडली त्यानं, आणि सोडवायची मी?"

विश्वंभर महाराजांनी हे विचारलं तेव्हा ते अजून नीट टेकलेही नव्हते. गाडीतून उतरून तरातरा धुनीपाशी आले होते.

गहिनीबाबा चिमट्यानं निखारे सारखे करत राहिले.

एकेकाळी हाच विश्वंभर या मठात धुनीची राख काढायचा. आता तालुक्याला त्याचा व्यसनमुक्ती आश्रम होता, रस्त्यावर दोन्हीकडून दिसतील असे फलक होते आणि नावामागे महाराज लागलं होतं. बाबा त्याला अजून विश्वाच म्हणत. चारचौघांत त्याला ते खटकायचं. बाबांना ते ठाऊक होतं, म्हणून चारचौघांत जरा जास्तच म्हणायचे.

"कुणी मोडली, विश्वा?"

"जालिंदरनं. तुमच्या मागच्या खोलीत निजलाय तोच. परवा माझ्या दारात पिऊन आला. तोल नाही, भिंतीशी बोलतोय. मी परत पाठवला. पिऊन आलेल्याला आत घेतलं, तर न पिता बसलेल्यांना मी काय तोंड दाखवू?"

"खरंय."

"आणि डोक्याचं दुखणं माझ्याकडं नाही. ते डॉक्टरांनी बघावं."

खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. जालिंदरची आई, कौसाबाई. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"डाक्टरकडं नेला व्हता महाराज. त्ये म्हनले, पिऊन आलाय, आधी दारू सोडवून आन. तुमी म्हनता, आधी डोकं ठिकान्यावर आन. म्या त्येचं धड कुठं ठिवू आन डोकं कुठं नेऊ, त्येवढं सांगा."

महाराजांनी तिच्याकडं पाहिलं नाही. अशा बाया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. माणसं पुष्कळ पाहिली की दिसेनाशी होतात, आणि त्यालाच काही लोक अनुभव म्हणतात.

बाबांनी उशाची पिशवी ओढली. तीतून रक्तदाबाची गोळी काढली, तळहातावर ठेवली. पाण्याचा तांब्या जवळ घेतला.

मग थांबले.

"विश्वा, तुझ्या आश्रमात शपथ कशी देतोस रे? मला दे बघू."

"तुम्हाला? चेष्टा करता का बाबा?"

"दे तर."

आश्रमाची ती रीत पंचक्रोशीत गाजलेली होती. आलेल्यानं सोबतच्या माणसाच्या गळ्याला हात लावायचा. आईच्या, बायकोच्या, लेकराच्या. महाराजांनी एकेक शब्द सांगायचा आणि त्यानं तो मागून म्हणायचा. कितीही पक्का गडी असला तरी तिथं त्याला कापरं भरायचं. मीही एकदा पाहिलंय. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला होता.

बाबांनी हात लांब केला आणि विश्वंभरच्याच गळ्याला लावला.

महाराज अवघडले. पण शब्द पाठ होते, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज आपोआप भारदस्त व्हायचा.

"बाटली, पुडी, गोळी..."

"बाटली, पुडी, गोळी," बाबा म्हणाले.

"या जन्मी तोंडाला लावणार नाही."

"या जन्मी तोंडाला लावणार नाही."

"लावली तर या गळ्याची शपथ."

"लावली तर या गळ्याची शपथ."

आणि बाबांनी तळहातावरची गोळी धुनीत टाकली.

"बाबा!" महाराजांनी चिमटा ओढला, निखारे उकरले. राख उडाली, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली. गोळी काही मिळाली नाही. "अहो, ते औषध आहे! गोळी म्हणजे नशेची! ती पोरं खातात ती..."

"असं म्हणालास का तू? मला नाही ऐकू आलं."

"ते सांगावं लागतं का?"

बाबांनी तांब्या बाजूला ठेवला.

कौसाबाई बोलली. आवाज चढवला नाही तिनं. तिच्यात चढवण्याइतकं काही उरलंच नव्हतं.

"माज्या गळ्याला हात लावला त्येनं, तुमच्याम्होरं. घरी आला, आन दवाखान्याच्या समद्या गोळ्या हिरीत टाकल्या. मला म्हनला, महाराजांनी गोळी सोडवली. किती खूस व्हता. म्या अडानी, मला वाटलं, महाराजच म्हनलं तर बरूबर आसंल. दारूला शिवला न्हाई. गोळीला शिवला न्हाई. मग कानातली मानसं परत आली. ती पयल्यापास्नंच हायेत त्येच्या कानात, गोळ्यांनी गप व्हती. दिस न्हाई, रात न्हाई, आय-माय काडत्यात त्येची. त्यो कान दाबून भितीवर डोकं आपटायचा. मग येक दिस त्येनं बाटली आनली. पिला की ती वाईच गप बसत्यात."

महाराजांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"हे... हे शेंबड्या पोरालाही कळतं, की डॉक्टरची गोळी..."

"शेंबडी पोरं कुठं येतात तुझ्याकडं?" बाबा म्हणाले. "ज्याला कुणीच आत घेत नाही, तो येतो. त्यानं तुझा शब्द न् शब्द पाळला. तुझ्या आश्रमात इतकी शपथ पाळलेला दुसरा दाखव."

"तो प्यायला ना पण!"

"प्यायला. आणि गोळी अजून घेत नाही."

"का?"

बाबांनी कौसाबाईकडं पाहिलं. तिनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला.

आता महाराजांना कळलं, शपथ सोडवायला त्यांनाच का बोलावलंय. लहान पोरंसुद्धा खेळात शपथ घालतात आणि मग गयावया करतात, सुटली म्हण, सुटली म्हण. ज्यानं घातली त्यानंच सोडायची. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती सुटत नाही.

पण ते उठले नाहीत. ते काय हिशेब करत होते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते पाहून धुनीच्या बाजूला बसलेल्या मला त्यांची चीड आली.

"बाबा, एकाची सोडली तर उद्या सगळा आश्रम रांगेत उभा राहील. महाराज, माझीही सुटली म्हणा. माझ्या शब्दावर तीनशे संसार उभे आहेत. शब्द मागं घेणारा महाराज कुणाला पाहिजे?"

"महाराज," कौसाबाई म्हणाली, "गळा माजा हाय. म्या त्येला म्हनलं, मरू दे मला, तू गोळी खा. त्यो पाया पडून रडला. म्या आनखी काय करू? तुमीच सांगा, काय करू..."

धुनीतलं लाकूड तडतडलं.

बाबांनी पिशवीची दोरी आवळून बांधली आणि ती दूर सरकवली. आज गोळी नाही, उद्याही नाही, असं ते बांधणं होतं.

महाराजांनी ते पाहिलं. ते उठले.

मागच्या खोलीत जालिंदर भिंतीला पाठ लावून बसला होता. अंगाला दारूचा वास, दाढी वाढलेली, कपाळावर खोक. दवाखान्यातून बाबांनी आणवलेल्या गोळ्या वाटीत होत्या. ती वाटी त्यानं हात पुरणार नाही इतकी लांब ढकलून ठेवली होती.

महाराजांना पाहताच तो धडपडत उठला आणि पायांवर डोकं ठेवलं.

"म्हाराज, बाटलीपाशी हारलो म्या. गोळीपाशी न्हाई हारलो. अर्धी शपथ ठिवलीया. आय जिती हाय ती त्या अर्धीवर."

शाबासकीसाठी त्यानं वर पाहिलं.

विश्वंभर मटकन खाली बसला. इथून पुढं त्याला महाराज म्हणायला माझं मन घेत नाही. त्यानं जालिंदरचे दोन्ही हात धरले. भारदस्त आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"जालिंदर, माझं चुकलं. ती गोळी नव्हे रे. शपथ सुटली. ऐकतोस ना? मी सोडली. सुटली. आईला काही होत नाही. घे गोळी."

जालिंदरनं हळूच हात सोडवून घेतले.

तो हसला. फसवू पाहणाऱ्याला ओळखल्यावर माणूस हसतो तसं.

"ह्येच म्हनत्यात ती कानातली. सुटली, सुटली. रोज म्हनत्यात." तो भिंतीकडं सरकला. "म्हाराजांच्याच आवाजात म्हनत्यात."

"अरे, हा मी आहे! मी स्वतः आलोय!"

"आसं बी म्हनत्यात."

"सुटली रे! सुटली! किती वेळा सांगू?"

जालिंदरनं दोन्ही हातांनी कान दाबले आणि डोळे मिटले. तोंडानं पुटपुटत राहिला, बाटली, पुडी, गोळी, या जन्मी...

विश्वंभर उंबऱ्याकडं वळला. गहिनीबाबा कधीचे तिथं येऊन उभे होते. विश्वंभरचे डोळे भरले होते, आणि राखेनं भरलेल्या सदऱ्यात तो पूर्वीसारखाच दिसत होता.

"बाबा, एवढा ओरडून सांगतोय मी. हा मीच आहे हे त्याला कळायचं कसं?"

"गप्प बस त्याच्याजवळ," बाबा म्हणाले. "कानातली माणसं कधी गप्प बसत नाहीत."