झब्बू आणि वेताची पायताणं

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची गोष्ट. बर्फाळ मुलखातल्या एका खेड्यात अंगरूप वैद्य राहायचा. हिवाळ्यात वरच्या वस्तीत औषध न्यायचं असलं की तो पायांना वेताच्या जाळीची रुंद पायताणं बांधायचा, म्हणजे पाय बर्फात रुतत नसत. मागून त्याचा कुत्रा झब्बू यायचा.

पायताणं बर्फ दाबून वाट करायची आणि त्या आयत्या वाटेवरून शेपूट उंचावून झब्बू म्हणायचा, "मी आहे म्हणून हा माणूस वर पोचतो!"

"बरं बाबा, पण आमच्या टाचेवर पाय देऊ नकोस," डावं पायताण म्हणालं.

झब्बूने नेमका तिथेच पाय दिला. अंगरूप तोंडावर आपटला. औषधाचं मडकं फुटता फुटता वाचलं.

"अरे गाढवा!" अंगरूप ओरडला.

"मागे चाललं की असंच होतं," झब्बू गुरगुरला. "आता मीच पुढे होतो." त्याने ऐटीत उडी मारली आणि बर्फात गडप झाला. वर उरले फक्त दोन कान. अंगरूपने त्याला मानगुटीला धरून उपसलं. मग झब्बू निमूट मागून चालला.

वस्तीतलं अंगण मात्र झाडलेलं होतं. तिथे झब्बू सुसाट पुढे धावला. "आणलं बघा मी औषध!" आजारी म्हातारीच्या सुनेने कौतुकाने त्याला लोण्याचा गोळा दिला. पायताणं दाराबाहेर खुंटीला टांगली.

"आपण काहीच बोलायचं नाही?" उजवं पायताण फणकारलं.

डाव्याने वर पाहिलं. पुन्हा बर्फ भुरभुरायला लागला होता.

"परत निघताना बोलू," ते म्हणालं. "झब्बूशेठ, आता तुम्ही पुढे होता का, एवढंच विचारू."